पाच नंबरचा तंबू

७ फेब्रुवारी, मंगळवार

आज मथाथाहून ट्रक आला. उतरवून घेतलेला माल:

जाड कापडाचे तंबू, पाच. एकेक अकरा हजार रँड.
लाकडी पलंग, पाच. चार उंच, एक बुटका. किंमत मात्र पाचांची सारखीच, बाराशे.
न्हाणीचा टब, एक. साडेचार हजार. टबाला पाय आहेत, सिंहाचे.
कंदील, बारा. दीडशेला एक.
पांढऱ्या चादरी, वीस. असल्या वाऱ्यात आणि असल्या मातीत पांढऱ्या!
धुराडं असलेली लहान लोखंडी शेगडी, एक. नऊशे.
हाताने धरायचा लोखंडी कठडा, एक. कशासाठी ते कोणालाच सांगता येईना.

पैसे लवांदिलेने आधीच भरले होते. माझा लवांदिले. डर्बनच्या हॉटेलात पंधरा वर्षं लोकांच्या खोल्यांचे नळ दुरुस्त करत होता, आणि समुद्रात घुसलेल्या आपल्या टोकावर पाहुण्यांसाठी तंबू टाकायचे हे खूळ त्याने तिथूनच आणलं. गेल्या जूनच्या वीस तारखेला घरी येताना टॅक्सी उलटली. मागवणारा गेला आणि आठ महिन्यांनी सामान दारात आलं. ट्रकवाला विचारतो, "सही कोण करणार?" मी केली.

"तो बुटका पलंग परत धाड," मी सुनेला म्हटलं. "सुताराने पाय आखूड कापलेत आणि पैसे पूर्ण घेतलेत."

"राहू द्या आई. तोही मागवलेलाच आहे."

मागवलेला! आंधळ्याने मागवला असेल. पण ती बोलत नाही जास्त. बोलू नयेच. विधवेच्या काळ्या कपड्यांतली बाई आहे, आवाज खालीच हवा.

लग्नात तिचं नाव मीच ठेवलं होतं, नोसाखेले. आपलं घर उभारणारी. तंबूंच्या गोष्टी सुरू झाल्यापासून ते माझ्या तोंडात येत नाही. तिच्या बापाने ठेवलेल्या नावाने हाक मारते, झुकिस्वा. येत्या २० जूनला वर्ष पुरं होईल, तेव्हा काळं उतरवू. तोवर ते डागाशिवाय राहिलं पाहिजे. माझ्या मुलासाठी आता एवढंच करण्यासारखं उरलं आहे.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

चर्चमधली बायकांची प्रार्थना. चोवीस जणी हजर, लाल ब्लाउज, पांढऱ्या कॉलरी, सगळ्या इस्त्रीच्या, फक्त समोरच्या टेकडीवरच्या माबेलेची सोडून. तीच आधी बोलली.

"अगं माम्पिंगा, तुझ्या टोकावर म्हणे सर्कस येतेय?"

"सर्कस नाही. पाहुणे येणार आहेत."

"तंबूत?"

"तंबूत."

"घरं नाहीत का गं बिचाऱ्यांना?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, नाही तर काय करते? माझ्या आजेसासऱ्यांचं गवताचं खोपटं होतं. सासऱ्यांनी मातीच्या भिंती घातल्या. माझ्या नवऱ्याने सिमेंटचे ठोकळे स्वतः थापून दोन खोल्या काढल्या आणि त्यातच त्याची छाती गेली. तीन पिढ्या आम्ही वाऱ्यातून आत येत होतो. आता शहाणीसुरती माणसं एका रात्रीचे आठशे रँड मोजून परत वाऱ्यात जाऊन झोपणार. आणि आमच्या घरची सून त्यांच्या उशा झाडणार.

४ मार्च, शनिवार

पहिले पाहुणे. केपटाउनचं गोरं जोडपं. बाई गाडीतून उतरली, समुद्राकडे बघितलं आणि रडायला लागली. मला वाटलं कोणी मेलं. नवरा म्हणाला, तसं काही नाही, तिला बरं वाटतंय.

दुपारी ती त्या सिंहाच्या पायांच्या टबात उघड्यावर बसून न्हाली. मी तिशीपर्यंत उघड्यावरच न्हाले, त्याचे कोणी पैसे दिले नाहीत मला. पाणी खालच्या झऱ्यावरून डोक्यावर आणलं झुकिस्वाने, सहा खेपा.

नवऱ्याने विचारलं, कोंबडा पहाटे ओरडतो त्याचं काही करता येईल का? मी म्हटलं, करता येईल, रविवारी ताटात वाढते. तो ओशाळला.

बाईला झुकिस्वाची काळी शाल फार आवडली. कुठे मिळते, विकत देशील का, असं विचारत होती. झुकिस्वाने मान खाली घालून सांगितलं, "विकायची नाही, जूनमध्ये जाळायची आहे." बाई म्हणाली, किती सुंदर! जाळायचं ते सुंदर. परमेश्वरा, तू यांनाही घडवलंस, तेव्हा काही हेतू असणारच.

१९ मार्च, रविवार

आजचा प्रकार लिहून ठेवते, पुढे उपयोगी पडेल.

चर्चमधून लवकर परतले, गुडघ्याने बसवेना. बघते तर झुकिस्वा माझ्या खोलीत, माझ्या पलंगापाशी उकिडवी बसून दोरीने माप घेत होती. जमिनीपासून गादीपर्यंत एक गाठ, उशापासून पायथ्यापर्यंत दुसरी. मला बघून दोरी मुठीत लपवली.

पलंगाचं माप दोरीने घेताना मी आयुष्यात एकदाच बघितलं आहे. नवरा गेला त्या सकाळी, शवपेटी करणाऱ्या सुताराला.

"माझी घाई झाली का गं तुला?"

"नाही आई, असं बोलू नका."

"मग दोरी कशाला?"

तर काय विचारते, "आई, उठताना तुमचा कोणता गुडघा जास्त दुखतो?"

"दोन्ही. पेटीत उठायचं नसतं, काळजी करू नकोस."

सहा वर्षांची नात मिहले दारात उभी राहून आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. तिला म्हटलं, जा, शेळ्या बघ. शेळ्या बांधलेल्याच होत्या.

आणखी एक. पाहुण्यांची वही मीच तपासते. मॅट्रिकला हिशेब घेऊन पास झालेली आहे मी, माझ्या डोळ्यांतून काही सुटत नाही. चार तंबूंपुढे पाहुण्यांची नावं आहेत. पाच नंबरपुढे रोज एकच शब्द, "घेतलेला". नाव नाही, पैसे नाहीत. कोणी घेतलेला? चार तंबू ओळीने कड्यावर आहेत, हा एकटा मागे, झुडपांपलीकडे. त्याच्या कापडी दाराला कुलूप आहे. कापडाला कुलूप! आत काय असतं, कोण असतं, मी विचारणार नाही. विचारलं तर उत्तर ऐकावं लागेल.

१५ एप्रिल, शनिवार

ईस्टरचा आदला दिवस. चारही तंबू भरलेले, पंधरा माणसं. मी सकाळपासून लोखंडी भांड्यांत पाव भाजते आहे, बत्तीस झाले. एका बाईला गव्हाचा चालत नाही, तिच्यासाठी मक्याचा वेगळा. पाव आला तेव्हा तिने त्याचे फोटो काढले आणि पाव खाल्ला तिच्या नवऱ्याने.

झुकिस्वा सूर्य मावळायच्या आत परतली नाही.

काळ्यातल्या बाईने कोंबड्या खुराड्यात जायच्या आत घरात असावं, हे मी तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आज कोंबड्या गेल्या, शेळ्या गेल्या, समोरच्या टेकडीवर माबेलेची चूल पेटली, तरी ही टोकावर. आमच्या दारातून दिसत होतं, एकेक कंदील लागत होता. बाराही लागले. मग पायवाटेने काळी आकृती आली.

"आई, वाटेवर दिवे नव्हते. त्यांची लहान मुलं आहेत."

"तुझं काळं आहे."

"हो."

"मग?"

"काळं अंगावरच होतं, आई."

हे उत्तर झालं? मी जेवले नाही. उपास समजून प्रभूला अर्पण केला.

२० एप्रिल, गुरुवार

व्हायचं तेच झालं. प्रार्थना संपायच्या आत माबेले उठली, डोळे मिटून मोठ्याने म्हणाली, "प्रभो, आमच्यातल्या काही घरांत विधवा अंधारात परक्या पुरुषांचे दिवे लावत फिरतात, त्या घरांवर दया कर." चोवीस तोंडांतून आमेन आलं. पंचविसावं माझं. मी अकरा वर्षं या मंडळाची खजिनदार आहे.

घरी येऊन झुकिस्वाला चटईवर बसवलं आणि सांगितलं. काळ्याला डाग लागला. आता वर्ष नव्याने मोजायचं. आजपासून. पुढच्या एप्रिलपर्यंत.

ती म्हणाली, "आई, मी काळं घालायला नाही म्हणत नाहीये. दहा वर्षं घाला म्हटलंत तरी घालीन. पण तंबू त्याने मागवलेत. मी ते उभे केले तेसुद्धा त्याच्यासाठीच. त्याला डाग म्हणू नका."

"तंबू हवेत का काळं हवं, ते ठरव."

"मला दोन्हीत तोच दिसतो."

"मग पाच नंबरमध्ये कोण दिसतो?"

विचारायचं नव्हतं ते तोंडातून गेलंच. तिने माझ्याकडे बघितलं. सासूच्या डोळ्याला डोळा द्यायचा नसतो, तरी बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"अजून तयार नाही, आई," एवढंच म्हणाली.

२२ एप्रिल, शनिवार

गेली. सकाळच्या टॅक्सीने बापाकडे बिझानाला, मिहलेला घेऊन. काळं अंगावर घालूनच गेली, डोकं झाकून, शाल टाचून. टॅक्सीवाला सांगत होता, सगळ्यात मागे बसली, विधवेने बसायचं तिथेच.

तिचा फोन मागे आहे. पाहुण्यांच्या वहीवर ठेवलेला, कंदिलांच्या वाती आणि पाच नंबरची किल्ली शेजारी. म्हणजे बाईसाहेब धंदा माझ्या अंगावर टाकून मोकळ्या. बापाच्या घरी लापशीचं पीठ संपलं की येईल परत. तिला सात भाऊ आहेत आणि सातही खातात.

मिहलेने जाताना विचारलं, "आजी, तू एकटी घाबरणार नाहीस ना?" मी म्हटलं, माणसांनाच घाबरायचं असतं, एकटं असल्यावर कोण उरतं? पोर हसली नाही.

२७ एप्रिल, गुरुवार

फोन वाजत राहतो. पाच दिवसांची सुट्टी आहे, पाहुण्यांनी दोन महिने आधी पैसे भरलेत. घेतलेल्या पैशाला पाठ दाखवणं पाप आहे, म्हणून मी टोकावर गेले. प्रार्थना चुकली.

तंबूंची जमीन फळ्यांची आहे. पाहुणे यायचे म्हणजे जमीन सारवलेली हवी, कोरड्या लाकडावर माणूस कसा उतरवायचा? दोन पाट्या ताजं शेण आणलं आणि एक नंबर सगळा सारवला, बोटांची नक्षी काढून, लग्नघरासारखा. गुडघे फुटले. संध्याकाळी जोहान्सबर्गच्या चार मुली आल्या, आपल्यातल्याच, पण नखं इतकी लांब की बटण लावता येऊ नये. पहिली आत गेली ती किंचाळत बाहेर.

"मावशी! आत गाय येऊन गेली!"

"गाय नाही गं. मी सारवलंय."

"कशाने?"

तिच्या आजीने ऐकलं असतं तर जीव दिला असता. त्यातली एक मात्र हळूच आत गेली, चपला काढून उभी राहिली, म्हणाली, "माझ्या आजीकडे असाच वास यायचा." तीच त्या तंबूत झोपली. बाकीच्या तिघी दोन नंबरमध्ये, बुटांसकट.

आता फळ्यांच्या फटींत वाळणारं शेण काढायला मला उद्याची दुपार लागणार. झुकिस्वाने हे कसं केलं असतं? तिने केलंच नसतं.

२९ एप्रिल, शनिवार

कंदील कधी लावायचे ते आज कळलं.

आधी लावले तर टोकावरचा वारा चारचारदा विझवतो. सूर्य बुडताना वारा पडतो, अगदी थोडा वेळ, तेव्हाच लावता येतात. मी आपली दिवसाउजेडी लावून घरी निघाले होते. मागे वळले तर सगळे विझलेले. आणि त्या नखांच्या मुलींपैकी एक, फोनमध्ये बघत, कड्याकडे चालली होती. सरळ. पुढे चार पावलं आणि खाली खडक.

मी मॅट्रिकच्या धावण्याच्या शर्यतीनंतर आजच धावले. हात धरून मागे ओढली. ती म्हणते, "मावशी, रस्ता इकडे नव्हता?"

बाराही कंदील पुन्हा लावले. घरी परतले तेव्हा माबेलेची चूल पेटून विझलीसुद्धा होती. मीही विधवाच आहे, सोळा वर्षं झाली. मला कोणी काही म्हणालं नाही.

३० एप्रिल, रविवार

वृद्ध बापाला घेऊन एक कुटुंब वेळ न कळवता आलं. चारही तंबू भरलेले. म्हटलं, तो पाच नंबरचा जो कोणी असेल तो असो, काढते त्याला बाहेर. किल्ली घेतली.

आत कोणी नव्हतं.

बुटका पलंग होता. त्याचे पाय आणखी कापलेले, भुसा कोपऱ्यात झाडून ठेवलेला. पलंगाशेजारी तो लोखंडी कठडा जमिनीत रोवलेला, उजव्या हाताला. लहान शेगडी, तिचं धुराडं कापडाबाहेर काढलेलं. माझ्या खोलीतला धूर माझ्या डोळ्यांत जातो ते सगळ्या वाडीला माहीत आहे. उशाला भजनांचं पुस्तक, मोठ्या अक्षरांचं, माझ्या पुस्तकाची पानं जिथे फाटली आहेत त्या जागी खुणेला दोरा घातलेला. खिळ्याला ती दोन गाठींची दोरी, आणि तिला बांधलेली लवांदिलेच्या हातची चिठ्ठी, सुताराला लिहिलेली, सामानासोबत परत आलेली, गेल्या मे महिन्याची: "आईचा पलंग बुटका. उंचीचं माप घरी गेल्यावर घेऊन कळवतो."

घरी गेल्यावर.

धंद्याची अक्कल दोघांनाही नाही. इतर चार तंबूंची तोंडं समुद्राकडे, त्याचेच लोक आठशे देतात. याचं तोंड उलटं, आमच्या घराकडे. पलंगावरून दिसतं काय, तर आमचं अंगण, गुरांचा गोठा आणि गोठ्याच्या कडेची लवांदिलेची कबर. कबर बघायला कोण पैसे देणार?

पलंग मजबूत आहे का बघायला मी बसले. तळपाय सपाट टेकले. कठडा धरून उठले. गुडघा काही बोलला नाही. पुन्हा बसले.

त्या कुटुंबाला सांगितलं, पाच नंबर घेतलेला आहे. म्हाताऱ्याला आणि त्याच्या माणसांना माझ्या ठोकळ्यांच्या घरात झोपवलं, फुकट. मी इथे टोकावर लिहिते आहे. वारा आहे. कापड हलतं पण आत येत नाही.

४ मे, गुरुवार

प्रार्थनेला गेले. माबेले म्हणाली, "माम्पिंगा, शनिवारी अंधारात टोकावर कंदील घेऊन कोण धावत होतं गं? झगा गुडघ्यापर्यंत वर!"

"मी."

"तू?"

"पोरगी कड्यावरून पडत होती. तुझी असती तरी धावले असते."

कोणी हसलं नाही. मग मी उभी राहिले आणि सांगितलं की माझ्या सुनेचं काळं २० जूनला पुरं होतं, शनिवारी २४ ला आमच्या अंगणात उतरवायचं आहे, मेंढी मी देते, आल्याची बिअर मी करते, गाणी तुम्ही म्हणायची. माबेले म्हणाली, "पण तू तर म्हणे नव्याने मोजणार होतीस?"

"चुकीचं मोजलं होतं."

"मॅट्रिकला हिशेब होता ना तुझा?"

"म्हणूनच चूक सापडली," मी म्हटलं, आणि खाली बसले. अकरा वर्षांत असं बोलावं लागलं नव्हतं.

५ मे, शुक्रवार

बिझानाच्या पत्त्यावर धाडायचं पत्र. नक्कल इथे ठेवते.

"नोसाखेले,

तू फोन इथे टाकून गेलीस म्हणून हे टपालाने पाठवावं लागतं आहे. चार तंबूंच्या चादरी धुतल्या, एक फाटली, ती नखांनी. शेण लाकडावर सारवायचं नसतं हे तू मला सांगितलं नव्हतंस. टबाच्या सिंहाचा एक पाय हलतो. असले पाय कसे घट्ट करायचे ते लवांदिलेने तुला कधी सांगितलं असेल तर लिही.

कंदील सूर्य बुडतानाच लावावे लागतात. हे मला समजलं आहे. याच्यावर आणखी काही लिहीत नाही.

पाच नंबरला कुलूप लावायची गरज नव्हती. मी काय चोर आहे? शेगडीला लाकूड फार लागतं, खर्चाची वस्तू आहे. पलंग ठीक आहे.

तुझं काळं २४ जूनला उतरवायचं आहे. नवे कपडे सासरनेच करायचे असतात, ते मी शिवणार. निळं कापड घेतलं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं, सात मीटर. मिहलेचा फ्रॉक त्यातच बसेल. पण जुन्या मापाने शिवता येणार नाही. त्या काळ्या पोत्याच्या आत तू किती वाळलीस ते मी वर्षभर बघितलंच नाही.

सोबत तुझी दोरी आहे. तिच्यावरच्या दोन गाठी सोडू नकोस, त्या माझ्या आहेत. तिसरी तुझ्या छातीची मार, चौथी कमरेची, पाचवी मिहलेच्या उंचीची. येणार आहेस की नाही ते लिहायचं नसेल तर लिहू नकोस. गाठी मारून दोरी तेवढी उलट टपाली धाड.

तुझी सासू,
माम्पिंगा"